मांजरेकर मॅडम आणि सायलेन्सरमधली माती

शैला मांजरेकरांकडे केमिस्ट्री शिकलेला माणूस मीरा रोडमध्ये कुठेही भेटतो. बँकेत भेटतो, मोबाइलच्या दुकानात भेटतो, जिममध्ये दुसऱ्यांचे दंड फुगवून देताना भेटतो. जिथे केमिस्ट्रीचा काही संबंध असेल, तिथे मात्र सहसा भेटत नाही. हा निव्वळ योगायोग समजावा.

मॅडम माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. गिरगावातली खोली विकून त्या आणि यतीनराव इकडे आले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या मागे अजून चिखल होता. यतीनराव एका औषधाच्या कंपनीत हिशेब बघायचे. कंपनी गुजरातला गेली, यतीनराव गेले नाहीत. मग मॅडमनी हॉलमध्ये बाकं टाकली, दारावर ‘अचीव्हर्स’ अशी पाटी लावली आणि यतीनरावांच्या हाती मुलं आणण्या-पोचवण्यासाठी एक व्हॅन दिली. नवऱ्याला कामाला लावायचा यापेक्षा सुटसुटीत मार्ग मी पाहिलेला नाही.

माझं शिक्षण कॉमर्सचं. पण आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजच्या कृपेने मला पिरियॉडिक टेबल ऐकून ऐकून पाठ आहे. मॅडमची पद्धत ठरलेली होती. व्याख्या इंग्रजीत उतरवून घ्यायची, अर्थ मराठीत सांगायचा आणि दम हिंदीत द्यायचा. समजणं हा प्रकार मुलांनी आपापल्या घरी, सोयीने करायचा.

वर्षातून एकदा कॅटलिस्टचा धडा यायचा, त्याला मराठीत उत्प्रेरक म्हणतात. मॅडम सांगायच्या, “लिहा. रिअ‍ॅक्शनमध्ये भाग न घेता तिचा वेग वाढवतो तो कॅटलिस्ट. उदाहरण, लग्न जुळवणाऱ्या काकू. स्वतः बोहल्यावर चढत नाहीत, पण दुसऱ्यांना लवकर चढवतात.” इथे मुलांनी हसायचं, असा रिवाज होता.

त्या मे महिन्यात बारावीच्या सुट्टीतल्या बॅचला इशिता नावाची एक मुलगी होती. ती हसली नाही.

“पण मॅडम, काकू काहीतरी करतातच ना? फोन करतात, पत्रिका घेऊन फिरतात. भागच घेतला नाही, तर वेग वाढतो कसा?”

“इशिता, तुला मार्क्स हवेत का काकू हव्यात?”

“मार्क्स, मॅडम.”

“मग लिही. हे परीक्षेत विचारत नाहीत.”

प्रश्न संपला. परीक्षेत न विचारणाऱ्या गोष्टी या विश्वात मुळात नसतातच, यावर अचीव्हर्सची उभारणी झालेली होती.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी यतीनरावांनी व्हॅन सुरू केली आणि अख्खी सोसायटी गॅलरीत आली. आवाज असा, की मांडवाचा जनरेटर कोणीतरी आमच्या पार्किंगमध्ये आणून ठेवला असावा. यतीनराव खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. गाडीचा सायलेन्सर जागेवर नव्हता. कापून नेला होता.

सेक्रेटरी काशीनाथ ढवण लेंग्यावरच धावत आले. सीसीटीव्ही बघायचं ठरलं. त्यात नोटीस बोर्ड फार स्वच्छ दिसत होता. ढवणांच्या नोटिसा कोणीतरी फाडत असे, म्हणून त्यांनी कॅमेरा तिकडे वळवला होता. पार्किंगमध्ये काय चाललं होतं ते कॅमेऱ्याला ठाऊक नव्हतं, पण पाण्याची नोटीस रात्रभर सुरक्षित राहिली एवढं सिद्ध झालं.

चोर आले कुठून, हे सांगायला कॅमेऱ्याची गरजही नव्हती. मागच्या कंपाउंडच्या भिंतीला एक भगदाड आहे. पलीकडे किराणावाला. भिंत उंच, वळसा लांब, म्हणून कोणा अज्ञात व्यक्तींनी ते पाडलं. कमिटी ते बुजवते, अज्ञात व्यक्ती पुन्हा पाडतात. अज्ञात व्यक्तींमध्ये सौभाग्यवती ढवणही असतात, त्यामुळे तपास पुढे सरकत नाही.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी तक्रार घेतली. “सायलेन्सरच नेला? बॅटरी नाही, टेप नाही?”

“नाही.”

“चोर येडा आहे का?”

चोर येडा नाही, हे नया नगरच्या इर्शादभाईंनी सांगितलं. त्यांचं गॅरेज आहे आणि यतीनरावांची गाडी नेहमी तिथेच जाते. “काका, मिट्टी के लिए ले गए,” ते म्हणाले. “इसके अंदर जाली होती है, जाली पे महंगा माल लगा रहता है. तोड़ के, मिट्टी बना के बेचते हैं.” त्यांनी पत्र्याच्या डब्यातून एका जुन्या गाडीतला तुकडा काढून दाखवला. राखाडी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, बारीक बारीक भोकांचा.

यतीनरावांनी घरी येऊन सांगितलं, “अगं, त्यात तुझं ते कॅटलिस्ट असतं म्हणे.”

“असतं की. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. दोन मार्कांचा प्रश्न आहे,” मॅडम म्हणाल्या.

“आपल्या गाडीत आहे हे कधी बोलली नाहीस.”

“सगळ्याच गाड्यांत असतं. त्यात काय सांगायचं?”

“मी कुलूप लावलं असतं,” यतीनराव म्हणाले आणि पंखा वाढवून बसले.

नवा सायलेन्सर मागवावा लागणार होता. तसे इतक्या जणांनी मागवले होते, की कंपनीकडेच रांग होती. तोवर मुलांना आणायचं कसं? अचीव्हर्स एक दिवस बंद राहिलं असतं तर देशाचे किती इंजिनियर कमी झाले असते, सांगता येत नाही. म्हणून इर्शादभाईंकडून एक साधा पाइप बसवून घेतला. आत जाळी नाही, काही नाही, नुसती नळी. जोडावर पट्टी आवळून दिली. “काम चलाऊ है, काका. खिड़की खुली रखना,” इर्शादभाई म्हणाले. यतीनरावांनी मान हलवली. आपल्याकडे मान हलवली की सूचना पाळली असं धरतात.

चार दिवस बरे गेले. मग काशीमिऱ्याच्या सिग्नलला एका दुपारी व्हॅन अडकली. पुढे कोणाचा तरी टेम्पो आडवा झाला होता. ऊन, धूळ, हॉर्न. मागून मुलं ओरडली, “सर, एसी!” यतीनरावांनी काचा वर केल्या आणि एसी लावला. गाडी जागच्या जागी सुरू. आवळलेली पट्टी खाली सैल झाली होती, ते कोणाला दिसणार?

थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, डोकं दुखतंय. दुसऱ्याला मळमळायला लागलं. यतीनरावांना वाटलं, उन्हाचं असेल. तेवढ्यात शेवटच्या सीटवरची इशिता काही न बोलता शेजारणीच्या मांडीवर कलंडली.

यतीनराव मवाळ माणूस. आयुष्यात त्यांनी कोणावर आवाज चढवल्याचं मी ऐकलेलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी चारी बाजूंची दारं उघडली, मुलांना अक्षरशः ओढून बाहेर काढलं, इशिताला उचललं आणि थांबलेल्या गाड्यांमधून वाट काढत समोरच्या नर्सिंग होमकडे पळाले. व्हॅन तशीच रस्त्यात, दारं उघडी. मागचे लोक त्यांना शिव्या घालत होते, हे ओघाने आलंच.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. गाडीबद्दल विचारलं, पाइपबद्दल ऐकलं आणि म्हणाले, “कार्बन मोनॉक्साइड. वेळेत बाहेर काढलंत. अजून थोडा वेळ काचा बंद राहिल्या असत्या तर मी काही सांगू शकलो नसतो.”

मॅडम रिक्षाने पोचल्या तेव्हा यतीनराव बाहेरच्या बाकावर बसले होते. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. आत गेल्या. इशिताच्या आईला तोंड कसं दाखवायचं याची तयारी त्या मनात करत असाव्यात. पण इशिता जागी होती. तिने तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

“मॅडम, म्हणजे ते भाग घेत होतं ना?”

“काय?”

“कॅटलिस्ट. ते नुसतं बघत बसलं असतं तर गेल्यावर काही फरक पडला नसता.”

नर्सने मास्क परत बसवला. मॅडमना जवळ खुर्ची होती, पण त्या उभ्याच राहिल्या.

मुलं संध्याकाळी घरी गेली. पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस जे चाललं ते इथे देत नाही. केमिस्ट्रीपेक्षा त्यात प्राणिशास्त्र जास्त होतं. काही मुलं क्लास सोडून गेली. व्हॅन पार्किंगमध्ये झाकून ठेवली. यतीनरावांनी किल्ली देवघरात ठेवली आणि नवा सायलेन्सर येईपर्यंत तिला हात लावला नाही.

मॅडमच्या घरचा दिवा मात्र उशिरापर्यंत जळायला लागला. बीएस्सीची धूळ खाल्लेली पुस्तकं माळ्यावरून उतरली. इर्शादभाईंकडून तो पोळ्यासारखा तुकडा मागून आणला. तो जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी असे. मी साखर परत द्यायला गेलो, तर मॅडम तो खिडकीकडे धरून एकेका भोकातून बघत होत्या.

“बावीस वर्षं याचं नाव लिहून देतेय,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा बघितलं.”

मी म्हटलं, “दोन मार्कांपुरतं दिसायला छान आहे.” त्यांनी साखर घेतली आणि दार लावलं. माझा विनोद लोकांना असाच कळतो.

पुढच्या सोमवारी उरलेल्या मुलांची बॅच भरली. त्यात इशिताही होती. तिच्या आईने नको म्हटलं होतं, पण ती रिक्षाने आली. मी पॅसेजमध्ये वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो.

“मागची व्याख्या खोडा,” मॅडम म्हणाल्या.

मुलांनी पेनं अशी धरून ठेवली, की कोणीतरी देवाची मूर्ती हलवायला सांगितली असावी.

“खोडा म्हणते ना! कॅटलिस्ट भाग घेतो. पूर्ण घेतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड येतो आणि या जाळीवरच्या प्लॅटिनमला चिकटतो. ऑक्सिजनही येऊन चिकटतो. ऑक्सिजनच्या दोन अणूंनी एकमेकांना घट्ट धरलेलं असतं, ती पकड प्लॅटिनमवर सुटते. मग मोकळा झालेला अणू शेजारच्या मोनॉक्साइडला मिळतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो उडून जातो. जागा रिकामी. पुढचा येतो. प्लॅटिनम होतं तसंच. म्हणून आपण म्हटलं, त्याने काही केलंच नाही.”

“पण वेग कशाने वाढतो?” इशिताचाच आवाज.

“आपल्या मागच्या भिंतीला भगदाड आहे, माहीत आहे?”

सगळ्यांना माहीत होतं. रिक्षाने आलेली इशिता सोडली तर सगळे त्यातूनच आले होते.

“भिंत आख्खी होती तेव्हा किराणावाल्याकडे कोण जायचं? ज्याच्या अंगात उडी मारायची ताकद आहे तो. बाकीचे अलीकडे ताटकळत. रिअ‍ॅक्शनलाही अशी एक भिंत असते. तापवलं की जास्त जणांच्या अंगात ताकद येते, मग उड्या वाढतात. कॅटलिस्ट कोणाला ताकद देत नाही. तो दुसरी, बुटकी वाट काढून देतो. अलीकडची जमीन आणि पलीकडची जमीन होती तेवढ्याच उंचीवर राहते, फक्त मधला चढ कमी होतो. ज्याला दुकानात जायचंच नाही त्याला भगदाड ओढून नेत नाही. पण जायचंय ते सगळे भराभर जातात.”

“आणि पलीकडचे इकडे येतात,” एक मुलगा म्हणाला.

“येतातच. वाट दोन्ही बाजूंना सारखीच सोपी होते. हेही लिहा.”

त्या संध्याकाळी एका पालकाने ग्रुपवर विचारलं, की मॅडमनी व्याख्या बदलली आहे, पण बोर्डाने बदलली आहे का? आणि सेक्रेटरी ढवण बेकायदा भगदाडाचा शैक्षणिक प्रचार केल्याबद्दल खुलासा मागायला आले.

जूनमध्ये पोलीस ठाण्यातून फोन आला. भाईंदर पश्चिमेला एका गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले गस्तीवाल्यांना दिसले आणि पायांमागोमाग एक टोळी सापडली. त्यांनी कबूल केलेल्या गाड्यांत यतीनरावांची व्हॅन होती. नवराबायको दोघं गेले. पुढचं यतीनरावांनी मला सांगितलं, तेही तीन चहा झाल्यावर.

हवालदारांच्या टेबलाशेजारी एक गोणी होती. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘राखाडी रंगाची माती.’

“ही माती नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मग काय लिहू?”

“सिरॅमिकवर बसवलेलं प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “बाई, माती राहू द्या. खालच्या बाजूला जागा नाही.”

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “मॅडम?”

बाकावर बसलेला, तिशीच्या अलीकडचा, दाढी वाढलेला तरुण उठून उभा राहिला. मॅडमनी चष्मा वर केला. “साईराज? तिसऱ्या बाकावर बसायचास तू?”

“हो मॅडम.” त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. शिपाई ओरडला, तरी लावला. “आई शप्पथ मॅडम, तुमची गाडी आहे माहीत नव्हतं. सरांची तेव्हा निळी होती.”

एवढ्या वर्षांत शेकडो मुलांनी तो धडा शिकला. त्याचा आयुष्यात प्रत्यक्ष उपयोग करणारा हा पहिलाच. पेढे वाटायला हरकत नव्हती.

“तुला कसं कळलं, सायलेन्सरमध्ये काय असतं ते?” मॅडमनी विचारलं.

“तुम्हीच शिकवलं होतं ना मॅडम. टोळीतल्या पोरांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटलं.” त्याच्या आवाजात जरासा अभिमानही होता, असं यतीनराव म्हणतात.

“कॅटलिस्ट म्हणजे काय? सांग.”

साईराजने सवयीने हात मागे बांधले. “रिअ‍ॅक्शनमध्ये भाग न घेता तिचा वेग वाढवतो तो.”

“चूक.”

“मॅडम, तुमच्याच नोट्स आहेत!”

“नोट्स चुकीच्या होत्या.”

हवालदारांनी मान वर केली. आरोपी सोडून दुसऱ्याच कोणीतरी ठाण्यात काही कबूल करण्याची ही बहुधा पहिलीच वेळ होती.

मग मॅडमनी त्याला इशिताची हकिगत सांगितली. सिग्नल, काचा, पाइप. जी वस्तू तो कापून घेऊन गेला ती तिथे गुपचूप काय करत होती ते सांगितलं. आवाज चढवला नाही. साईराजची मान खाली गेली.

“आता बरी आहे?”

“आहे.”

“मला वाटायचं मॅडम, गाडी तर चालतेच. नुसता आवाज वाढतो. कोणाचं काय जातं?”

“मलाही वाटायचं,” मॅडम म्हणाल्या. “नुसती व्याख्या तर आहे. कोणाचं काय जातं.”

सोसायटीत सगळ्यांना खात्री होती, की शिक्षिका आहेत, माफ करतील. साईराजची आई त्याच आशेने घरी आली. मॅडमनी तिला बसवलं, चहा दिला, पोहे दिले, तिचं रडणं पूर्ण होऊ दिलं आणि सांगितलं, की तक्रार मागे घेणार नाही. “तो माझा विद्यार्थी आहे हे मी साक्षीतही सांगेन,” त्या म्हणाल्या, “पण त्याने जे केलं तेही सांगेन.” ती बाई गेल्यावर मॅडम बराच वेळ तिची कपबशी विसळत होत्या.

साईराज जामिनावर सुटला. खटला आपल्या वेगाने चालू आहे. त्या कामाला उत्प्रेरक अजून सापडलेला नाही.

गेल्या वेळी मॅडमसोबत कोर्टात मी गेलो होतो, कारण यतीनरावांना सायलेन्सर मिळाला आहे आणि ते आता मुलांना काचा उघड्या ठेवून, ताशी वीसच्या वेगाने पोचवतात. कॉरिडॉरमध्ये एकच बाक. एका टोकाला फिर्यादी, दुसऱ्या टोकाला आरोपी, मध्ये मी. काही वेळाने साईराज माझ्या अंगावरून वाकला.

“मॅडम, एक विचारू? ते प्लॅटिनम मग कधी संपतच नाही?”

“संपत नाही. पण खराब होतं. शिसं किंवा गंधक त्याच्यावर बसलं की जागा अडतात. आणि ती पाहुण्यांसारखी उठून जात नाहीत. बसली की बसली. मग कार्बन मोनॉक्साइडला टेकायलाच जागा नाही.”

“म्हणजे जाळी तीच, पण काम बंद?”

“काम बंद. उठा हो तुम्ही जरा.” हे मला.

मी उठलो. मॅडम सरकल्या. पर्समधून त्यांनी पेन काढलं, साईराजच्या हातातल्या समन्सची मागची बाजू वर केली आणि तिच्यावर जाळीची षटकोनी घरं काढायला सुरुवात केली. त्याचा वकील लांबून धावत आला, “अरे, साक्षीदाराशी बोलू नको, सांगितलंय ना!” साईराजने त्याला हाताने थांबायची खूण केली.

पट्टेवाल्याने पुकारा केला. दोघांपैकी कोणीही वर बघितलं नाही. त्याला दुसऱ्यांदा, जरा चिडूनच, ओरडावं लागलं.